दोन काठांवर एक जोडी

नोकरीत तुम्ही काय केलं, असं मला कोणी विचारलं की मी सांगतो, एक पूल हलता ठेवला. समोरचा माणूस हसतो. त्याला वाटतं म्हाताऱ्याची जीभ घसरली, पूल हलू दिला नाही असं याला म्हणायचं असेल. पण माझी जीभ ठीक आहे. पूल हलता ठेवणं हेच माझं काम होतं आणि सरकार मला त्याचाच पगार देत होतं.

आर्वीच्या वरच्या डोंगरपट्ट्यात धारखेडा म्हणून गाव आहे. गावाशेजारून एक नाला वाहतो आणि गावाच्या थोडं खाली काळ्या कातळावरून तो एकदम दरीत उडी घेतो. हीच मोठी धार. पावसाळ्यात वर्ध्यापासून अमरावतीपर्यंतचे लोक ती बघायला डोंगर चढून येतात. ते तिला वॉटरफॉल म्हणतात, आम्ही धार म्हणायचो. धारेच्या माथ्यावर, पाणी जिथून उडी घेतं त्याच्या जरा अलीकडे, इंग्रजाच्या काळातला झुलता पूल आहे. अलीकडच्या काठावर धारखेडा, पलीकडच्या काठावर सागवनाच्या कडेला गोंडांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती. सत्तर सालाच्या आसपास बांधकाम खात्यानं मला तिथं मिस्त्री म्हणून पाठवलं. मी रोहण्याच्या सुताराचा मुलगा. घरचे म्हणाले, पूल काय बैलगाडी आहे रोज दुरुस्त करायला? दोन महिन्यांत वापस येशील. मी माझी उमेदीची सगळी वर्षं तिथंच घालवली.

झुलता पूल म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन्ही काठांवर दगडी खांबांची एकेक जोडी. खांबांच्या डोक्यावरून मनगटाएवढे जाड दोन तारेचे दोर गेलेले. दोर मधे पोटासारखा खाली झुकतो, खांबावर चढतो आणि खांबामागे तिरका उतरून खडकातल्या कड्याला बांधलेला असतो. त्या दोराला सळ्या लोंबकळतात, सळ्यांवर आडव्या तुळया आणि तुळयांवर सागाच्या फळ्या. झालं, हा पूल. तो पाळण्यासारखा आहे. पाळणा हलला नाही तर समजावं, कुठंतरी अडकला आहे. जो अडकतो तो एक दिवस तुटतो.

वैशाखात ऊन खाऊन दोर लांबतो, पुलाचं पोट उतरतं. हिवाळ्यात तो आखडतो. म्हणून उन्हाळ्यात कड्यापाशी आटे आवळायचे, दिवाळीनंतर सैल करायचे. पावसाळ्याआधी दोराला ग्रीस आणि फळ्यांना जवसाचं तेल. हे तेल मी आष्टीच्या बाजारातून आणायचो. तेलाचा डबा उघडला की अजूनही माझ्या नाकात तो पूल येतो. रोज सकाळी हातोडी घेऊन प्रत्येक सळीवर टिचकी मारायची. भार घेणारी सळी टण्ण बोलते. ढिली झालेली मुकी असते, तिचं ओझं शेजारचीवर पडलेलं असतं. घरातही असंच असतं म्हणा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, दोर सहसा दगा देत नाही. दगा देते ती फळी.

पुलावर एकच नियम कडक होता. वाजवायचं नाही. डफडं असो, ताशा असो, काठावर बंद. वाजलं की माणसांची पावलं नकळत एका ठेक्यात पडतात आणि ठेका जमला की पूल नाचायला लागतो. एकदा शाळेची सहल आली होती. त्यांच्या पीटीच्या मास्तरांनी मुलांना रांगेत उभं केलं आणि शिट्टी वाजवत लेफ्ट-राइट करत पुलावर घातलं. पूल असा उसळला की मास्तरांची टोपी धारेत गेली. मी ओरडत धावलो, ढोरं चरायला निघाल्यासारखे चाला रे! मास्तर माणूस भला. पुढं दरवर्षी मुलं घेऊन यायचे आणि पुलाच्या तोंडाशी छाती काढून हुकूम सोडायचे, ‘शिस्त मोऽऽड!’ मुलांना तेवढ्या एका हुकुमासाठी ती सहल आवडायची.

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ. वर्ध्याहून एक नवीन जोडपं आलं होतं. नवरोबा वाटभर बायकोला सांगत होते, घाबरू नकोस, मी आहे ना. पुलावर पाय ठेवला आणि नवरोबांनी खांबाला जी मिठी मारली ती सुटेना. बाई मधे जाऊन धार बघून आली, नवऱ्याला सोडवून घेऊन गेली. नागपूरचे एक गृहस्थ दर श्रावणात यायचे, बरोबर मधोमध बसकण मारून चिवडा खायचे आणि जाताना मला म्हणायचे, ‘मिस्त्री, पूर्वीसारखा हलत नाही हो आता.’ मला ते मनातून लागायचं. मग मी दोन दिवस सळ्या तपासत बसायचो.

आता तो खरंच हलत नाही. ऐंशी सालाच्या पुढं नाल्यावर वरच्या अंगाला सिमेंटचा रपटा, म्हणजे बुटका पूल झाला, टोल्यापर्यंत जीप जायला लागली. पुलाच्या फळ्या काढून लोखंडी पत्रे ठोकले, बाजूला जाळी लावली. त्यात लोकांचं भलंच झालं. रपटा झाला म्हणून कोणी रडू नये, टोल्यातल्या किती बाळंतिणी त्यानं वाचवल्या असतील. तरी मागल्या वर्षी, आता राहतो त्या सिंदी मेघ्याहून नातवंडांना घेऊन गेलो तेव्हा पत्र्यावर बुटांचा खडखडाट ऐकून मला बरं वाटलं नाही. सागाच्या फळीवर पाऊल वाजत नाही, बोलतं. असो.

मला सांगायचं आहे ते एका पोळ्याबद्दल.

पोळा आमच्याकडं बैलाचा सण. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं शेकायचे आणि त्याच्या कानात म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ दुसऱ्या दिवशी त्याला काम नाही, काठी नाही, शिवी नाही. दिवस कलला की सगळ्या जोड्या सजून गावच्या आखरावर, म्हणजे ढोरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, दोन लाकडी मेढींमधल्या दोराला आंब्याचा पाला बांधून केलेल्या तोरणाखाली उभ्या राहतात. पहिली उभी राहते ती मानाची जोडी. तिची पूजा झाली, तोरण तुटलं की पोळा फुटला.

धारखेड्यात हा मान पाटलाच्या जोडीचा नव्हता. टोल्यातल्या कुमऱ्यांच्या जोडीचा होता. असं सांगतात, पूल बांधताना तारेचा पहिला दोर ताणायला साहेबानं गावचे सगळे बैल जुंपून बघितले. दोर खडकावरून घसरला की बैल मागं फरफटत जायचे. शेवटी पलीकडून कुमऱ्यांची जोडी लावली. ती गुडघ्यावर बसली पण मागं सरली नाही. त्या सालापासून मान त्यांचा. खरंखोटं धारेला ठाऊक. पण गावाची रीत अशी होती की मानाची जोडी तोरणाखाली आली नाही तर मान पुढच्या जोडीला जातो आणि एकदा गेलेला वापस येत नाही. पुढची जोडी पाटलाची. पाटलाचा थोरला मुलगा विलास ही गोष्ट कधी विसरत नसे.

दरवर्षी कुमऱ्यांचे बैल नाल्याच्या उतारातून, घोटाभर पाण्यातून यायचे. त्या वर्षी पोळ्याआधी पावसानं असं धरलं की उतार दिसेना. नाला तांबडाभडक होऊन दोन्ही काठ धरून चालला होता. माणसं पुलावरून येत-जात होती. बैलांचं काय?

दुपारी झिंगरूबाबा कुमरे जोडी घेऊन पलीकडच्या खांबापाशी येऊन उभे राहिले. सत्तरीचा माणूस, अंगानं सुपारीच्या झाडासारखा. बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. थोरला बैल मोहऱ्या आणि धाकटा, दोन वर्षांपूर्वी घेतलेला, पारध्या. मी पूल ओलांडून गेलो.

‘बाबा, इथं काऊन आणले जी?’

‘तिकडं न्याचे हायेत.’

‘पुलावरून?’

‘मंग उडून?’

मी खांबावरच्या पाटीकडं बोट केलं. जनावरांस सक्त मनाई. झिंगरूबाबांना वाचता येत नव्हतं, पण पाटीत काय आहे ते त्यांना माहीत होतं.

‘माह्या आज्याच्या बैलानं हा दोर ताणला,’ ते म्हणाले. ‘अन् माह्याच बैलाले मनाई?’

‘दोर तोलते बाबा, फळी नाई तोलत. बैलाचा पाय फळीतून गेला तं बैल गेला. अन् टोल्याची वाटही गेली.’

ते आखराकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘मिस्त्री, आमच्यापाशी दुसरं काय हाय? जंगल सरकारचं, वावर दुसऱ्याचं. वर्षातून एक दिवस सारं गाव आमच्या मागं उभं राह्यते. तो दिवस माह्या हातून गेला तं मी टोल्यात कोनत्या तोंडानं बसू?’

हे मला ऐकवेना. मी काही वीरपुरुष नव्हतो, नोकरीची भीती मलाही होती. पण पुलाचा भार मला माहीत होता. जत्रेच्या दिवशी यावर कितीतरी माणसं असतात, त्यांच्यापुढं एक बैल म्हणजे फार नाही. प्रश्न फक्त खुरांखालच्या फळीचा. माझ्याकडं बदलायच्या म्हणून ठेवलेल्या नवीन फळ्या होत्या. त्या जुन्या फळ्यांवर लांबीच्या अंगानं पसरल्या, वर ओली पोती अंथरली म्हणजे बैलाला खाली फटीतून पाणी दिसू नये. घुंगरमाळा काढून ठेवायला लावल्या. एका वेळी एकच बैल आणि पुलावर बाबांशिवाय कोणी नाही. टोल्यातली पोरं खांबामागं श्वास धरून उभी.

मोहऱ्या आला. त्याच्या कानाशी लागून झिंगरूबाबा गोंडीत काहीतरी बोलत होते, अगदी हळू, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. पूल त्याच्या पावलाखाली खाली बसायचा, मागं वर यायचा. मधे आल्यावर धारेचे तुषार त्याच्या अंगावर उडाले. तो थांबला. बाबांनी त्याच्या मानेवर नुसता हात ठेवला. तो चालायला लागला आणि आपण आत्ता काय केलं याची काही खबर नसल्यासारखा अलीकडच्या गवतात तोंड घालून उभा राहिला. मला रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

मोहऱ्याला माझ्या हाती देऊन बाबा पारध्यासाठी वापस गेले. इथं माझी वेगळीच पंचाईत झाली. या बैलाला गोंडीशिवाय काही समजत नव्हतं. थांबावा म्हणून मी ‘हो’ म्हणावं तर तो चालायचा, चल म्हणावं तर बसायला बघायचा. पुढं नाला उतरेपर्यंत तो माझ्याच झोपडीपाशी राहिला आणि आम्ही दोघं खुणांनी बोलत होतो.

पारध्यानं पुढचा एक पाय पोत्यावर ठेवला. पूल हलला. त्यानं पाय काढून घेतला. बाबांनी समजावलं, चुचकारलं, गूळ दाखवला. पुन्हा पाय, पुन्हा माघार. तिसऱ्यांदा तो सरळ खाली बसला, पुलाच्या तोंडाशी. इतर दिवशी एक काठी बसली असती आणि तो उठला असता. पण पोळ्याला बैलावर काठी उचलत नाहीत. झिंगरूबाबांचा हात एकदा आपसूक खांद्यापर्यंत वर गेला आणि खाली आला.

तोवर आखरावर खबर पोचली होती. पाटील, विलास आणि निम्मं गाव पुलापाशी आलं. अलीकडं एक बैल, पलीकडं एक बैल, मधे गर्जणारी धार.

‘जोडी कुठं हाय?’ विलास वडलांना म्हणाला. ‘एक बैल म्हंजे जोडी होते काय? बाबा, दिवस बुडून राह्यला. आपली जोडी घ्या तोरणाखाली.’

रीत त्याच्या बाजूनं होती. पलीकडं झिंगरूबाबा बसलेल्या बैलाजवळ खाली बसले होते. त्यांना ऐकू जात नव्हतं, पण लोकांच्या माना बघून समजलं असावं. त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला होता. माझ्या डोळ्यांसमोर अजून ते बोडकं डोकं आहे.

पाटील कमी बोलणारा माणूस. त्यानं मोहऱ्याकडं बघितलं. मोहऱ्या खांबामागं, जिथं दोर तिरका जमिनीकडं उतरतो, त्याच्या सावलीत उभा होता. मग पाटलानं दोरावरून नजर वर नेली, खांबावर, तिथून मधल्या झोळावर, पलीकडच्या खांबावर आणि खाली पारध्यापर्यंत.

‘मिस्त्री,’ त्यानं विचारलं, ‘हा दोर एकच हाय काय? का मधात जोडला हाय?’

‘एकच हाय जी. सलग.’

‘मंग तोरण दुसरं कायले म्हंतेत?’ पाटील गावाकडं वळला. ‘दोन्हीकडं मेढी हायेत. मधात दोर हाय. पाला नाई, तो लावा. दोन्ही बैल एका तोरणाखाली उभे हायेत का नाई, सांगा.’

‘बाबा, असं कुठी असते काय?’ विलास म्हणाला.

‘आतापासून असते,’ पाटील म्हणाला. मान आपल्या दाराशी आला होता आणि या माणसानं तो उंबऱ्यावरूनच परत पाठवला. मी पुढं अनेक साहेब पाहिले, निर्णय घ्यायला इतका कमी वेळ कोणीच घेतला नाही.

आंब्याचा पाला आला. दोन्ही खांबांवर चढून मी तो दोराला बांधला. गावच्या जोड्या आखरावरून निघून पुलाच्या वाटेनं चिखलात मोहऱ्यामागं उभ्या राहिल्या. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी म्हणणारे आले. आणि मग अडचण ध्यानात आली. मानाच्या जोडीची पूजा पाटलीणबाई करतात. अर्धा मान अलीकडं आहे, अर्धा पलीकडं.

पाटलीणबाई या गावात लग्न होऊन आल्या त्याला जमाना झाला होता. टोल्यातल्या बाया चारोळी, मोहाची फुलं, सरपणाचे भारे घेऊन रोज पुलावरून गावात यायच्या. गावातल्या बाया तिकडं जात नसत. मनाई कोणी केली नव्हती, कामच पडत नव्हतं. सहलीचे लोकही मधापर्यंत जाऊन धार बघून फिरायचे. पाटलीणबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. पाटील म्हणाला, ‘पूल तं हाय.’

मी पुढं झालो. ‘वहिनी, खाली पाहू नका. दोर घट्ट धरू नका. पूल हालला तं हालू द्या, आपण त्याच्यासंगं हालायचं.’ त्यांच्या एका हातात आरतीचं ताट, पदरानं निरांजन झाकलेलं. ओठ घट्ट मिटलेले. मधे आलो आणि धारेकडून वाऱ्याचा एक झोत तुषार घेऊन आला. निरांजन विझलं. माझ्या खिशातली काडेपेटी लगदा झाली होती. त्या थांबल्या. माझी समजूत होती की आता वापस फिरतील. ‘चाला,’ त्या म्हणाल्या.

पलीकडं झिंगरूबाबांची बायको पारबतामाय उभी होती. पाटलीणबाई तिच्यासमोर ताट धरून म्हणाल्या, ‘बाई, विस्तव इझला. तुमच्या घरचा देता काय?’

पारबतामायला क्षणभर समजलंच नाही. गावानं टोल्याकडून आजवर काय काय घेतलं होतं, विस्तव कधी मागितला नव्हता. मग ती जी पळाली! खापरात चुलीतला निखारा आणि वर गोवरीचा तुकडा घालून फुंकत फुंकत आली. तिच्या विस्तवावर निरांजन लागलं. पारध्या अजून बसलेलाच होता. पाटलीणबाई चिखलात गुडघे टेकून त्याच्यासमोर बसल्या आणि बसल्या बैलाला कुंकू लावलं. झिंगरूबाबा पटका पुन्हा डोक्याला बांधायला लागले. पटका काही नीट बसेना. शेवटी मीच बांधून दिला.

अलीकडच्या बैलाची पूजा राहिली होती. वाऱ्यात निरांजन पुन्हा टिकणार नव्हतं. म्हणून पारबतामायनंच खापर उचललं, पदराआड धरलं आणि दोघी बाया पुलावर चालायला लागल्या. पुढं पारबतामाय विस्तव घेऊन, मागं पाटलीणबाई ताट घेऊन, एक हात तिच्या खांद्यावर. पारबतामायला पूल पाठ होता. ती जशी झुलायची तशी मागची झुलायची. पुलाला एवढं सुंदर चालताना मी कधी पाहिलं नाही.

मोहऱ्याची पूजा झाली. खापरातला निखारा गावच्या आरतीला लागला. विलासनं तोंड फिरवलं होतं, पण झडतीला त्याचाही आवाज लागला. अलीकडचा पाला पाटलानं तोडला, पलीकडचा झिंगरूबाबांनी आणि पोळा फुटला. आखराकडं बैल उधळले, पोरं ओरडत मागं धावली.

मी पुलावरच्या जास्तीच्या फळ्या उचलायला वळलो, तर पाटलीणबाई खांबाला टेकून अजून तिथंच उभ्या होत्या. पलीकडं टोल्यातल्या चुलींचा धूर पावसात वर चढत होता.

‘मिस्त्रीभाऊ,’ त्या म्हणाल्या, ‘मी लगन होऊन आली तवापासून हा धूर माह्या परसातून पाहून राह्यली. मले वाटे लय दूर हाय.’

मी फळी तशीच हातात धरून उभा राहिलो.

‘एवढंच होतं काय जी?’